काळा आजार आणि बोन मॅरो तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताप महिनाभर हटत नाही. वजन घटत चाललंय, डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागतेय, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही कमी. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, ‘बोन मॅरो करून घेऊ.’ म्हणजे हाडाच्या पोकळीतली मज्जा (अस्थिमज्जा) सुईने काढून तपासायची. घरातल्यांच्या मनात पहिला विचार येतो तो कॅन्सरचा. काळा आजार मात्र क्वचितच कुणाच्या डोक्यात येतो. हे प्रश्न रुग्ण आणि नातेवाईक विचारतात, तसेच पॅथॉलॉजी शिकणारी मुलंही विचारतात, म्हणून काही उत्तरं साधी आहेत आणि काही थेट मायक्रोस्कोपपाशी नेणारी.

काळा आजार म्हणजे नेमकं काय?

लिशमॅनिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होणारा हा आजार. वाळूमाशीची मादी चावताना तो माणसाच्या शरीरात सोडते. त्वचेपुरता राहणारा लिशमॅनियासिस वेगळा. परजीवी प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत जाऊन बसतो तेव्हा त्याला व्हिसरल लिशमॅनियासिस, म्हणजेच काळा आजार म्हणतात. भारतीय उपखंडात आणि पूर्व आफ्रिकेत लिशमॅनिया डोनोव्हानी ही जात, तर भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत आणि दक्षिण अमेरिकेत लिशमॅनिया इन्फँटम. आपल्याकडे बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशचा पूर्व भाग हे त्याचे जुने प्रदेश आहेत. हिमाचल, उत्तराखंड, केरळ इथूनही तुरळक रुग्ण नोंदले गेले आहेत.

रुग्णाला शिवल्याने, त्याच्यासोबत जेवल्याने हा पसरत नाही. आणि उपचार झाला नाही तर बहुतेक रुग्ण दगावतात. निदानाची घाई असते ती त्यामुळे.

आजार प्लीहेचा, मग तपासायचं हाडातून कशाला?

परजीवी राहतो मॅक्रोफेज या पेशींच्या आत. खरं तर या पेशींचं काम जंतूंना गिळून संपवण्याचं. लिशमॅनिया मात्र गिळला गेल्यावर मरत नाही, पेशीच्या पोटातच दुणावत राहतो, ती पेशी फुटते आणि बाहेर पडलेले परजीवी पुढच्या मॅक्रोफेजमध्ये शिरतात. शरीरात अशा पेशींची दाटी जिथे जास्त, तिथे परजीवीही जास्त: प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा, लसिका ग्रंथी. नेहमीच्या रक्ताच्या थेंबात तो क्वचितच सापडतो. मज्जा ही यातली त्यातल्या त्यात निर्धोकपणे हात घालता येईल अशी जागा आहे.

दुसरंही कारण आहे आणि ते तितकंच वजनदार आहे. तिन्ही पेशी कमी असणं हे ल्युकेमिया, लिम्फोमा, ॲप्लास्टिक ॲनिमिया, मज्जेतला टीबी, बी-12 ची तीव्र कमतरता अशा कितीतरी आजारांत दिसतं. मज्जा पाहिली की यातल्या बऱ्याच शंकांचा निकाल एकाच नमुन्यात लागतो.

पट्टीची साधी चाचणी असते म्हणतात. तीच का करत नाहीत?

करतात, आणि आधी तीच करावी. आरके-39 नावाची पट्टी असते. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि काही मिनिटांत परजीवीविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का ते कळतं. भारतात आजाराच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला दोन आठवड्यांहून जास्त ताप, वाढलेली प्लीहा आणि पट्टी पॉझिटिव्ह एवढ्यावर राष्ट्रीय कार्यक्रमानुसार उपचार सुरू होतात. तिथे प्रत्येकाची मज्जा काढत बसण्याची गरज नाही, आणि काढूही नये.

मज्जा लागते ती या सरळ रस्त्यावर न बसणाऱ्या रुग्णांना. एक, लक्षणं हुबेहूब काळ्या आजाराची पण पट्टी निगेटिव्ह. दोन, पूर्वी काळा आजार होऊन गेलेला आणि आता पुन्हा ताप. अँटिबॉडी बरं झाल्यावरही कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं रक्तात राहतात, त्यामुळे पट्टी पॉझिटिव्ह आली तरी तो आजार जुना की नवा हे तिला सांगता येत नाही. तीन, एचआयव्ही असलेले किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणारे रुग्ण, ज्यांचं शरीर पुरेशा अँटिबॉडी बनवत नाही. चार, पूर्व आफ्रिकेत संसर्ग झालेला असेल तर, कारण तिथे या पट्टीची पकड भारतातल्यापेक्षा कमी भरते. आणि पाचवा गट सगळ्यात मोठा: ज्यांच्या बाबतीत काळ्या आजाराचा विचारच झालेला नाही, तिन्ही पेशी कमी म्हणून कॅन्सरच्या शंकेने मज्जा काढली आणि परजीवी अवचित समोर आला.

प्लीहेतून नमुना घेतला तर निदान जास्त पक्कं होतं असं वाचलं. मग मॅरोच का?

वाचलंत ते बरोबर आहे. प्लीहेच्या नमुन्यात परजीवी सापडण्याचं प्रमाण 93 ते 99 टक्के धरलं जातं. मज्जेत ते 53 ते 86 टक्के, लसिका ग्रंथीत 53 ते 65 टक्के.

पण प्लीहा म्हणजे रक्ताने तुडुंब भरलेला मऊ अवयव. सुई आत असताना रुग्ण हलला, खोकला, किंवा रक्त गोठण्यात दोष असला तर पोटात रक्तस्राव होतो, आणि तो बाहेरून दाबून थांबवता येत नाही. सरावलेल्या हातातही साधारण हजारात एकाला जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून प्लेटलेट 40,000 च्या खाली असतील, प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला असेल, रुग्ण गरोदर असेल किंवा प्लीहा बोटांना नीट लागत नसेल तर हे करत नाहीत. रक्त चढवण्याची आणि गरज पडली तर शस्त्रक्रियेची सोय जवळ हवी. बिहारमधल्या काही केंद्रांत या कामात तयार झालेले हात आहेत. जिथे महिनोन्महिने असा रुग्ण येत नाही तिथे मज्जाच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. थोडी कमी खात्री चालेल, कारण ती भरून काढायचे मार्ग आहेत. रक्तस्राव झाल्यावर तसे मार्ग फारसे उरत नाहीत.

तपासणी कशी करतात? दुखतं का?

मोठ्या माणसांत कंबरेच्या मागच्या बाजूला, नितंबाच्या वर जे हाडाचं टोक लागतं, तिथून नमुना घेतात. पालथं किंवा कुशीवर झोपवतात. जागा स्वच्छ करून लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन देतात, आधी त्वचेत आणि मग खोल, हाडाच्या पातळ आवरणापर्यंत. हे आवरण नीट बधिर होणं महत्त्वाचं, कारण दुखण्याचे तंतू त्यात असतात. औषध भिनायला दोन-चार मिनिटं द्यावी लागतात. घाई झाली तर रुग्णाला उगाच सोसावं लागतं.

मग जाडसर सुई हलकेच फिरवत हाडात नेतात. या वेळी दाब जाणवतो, टोचल्याची तीव्र वेदना सहसा होत नाही. सुई पोकळीत पोचली की सिरिंज लावून दट्ट्या ओढतात, आणि त्या दोन-तीन सेकंदांत पायापर्यंत जाणारी एक विचित्र कळ येते. ती भुलीच्या इंजेक्शनने जात नाही. रुग्णाला हे आधी सांगून ठेवावं. ‘काही दुखणार नाही’ असं सांगून सुरुवात केली की त्या कळेसोबत त्याचा विश्वासही जातो. बायोप्सी म्हणजे हाडाचा बारीक तुकडाही घ्यायचा असेल तर त्याच जागी वेगळ्या सुईने घेतात.

एकूण काम अर्ध्या तासाच्या आतलं. त्यानंतर त्या जागेवर दाब देऊन पट्टी लावतात आणि थोडा वेळ ती जागा दबेल असं उताणं झोपवतात. दोन-तीन दिवस जागा ठणकते. पट्टीतून रक्त झिरपत राहिलं, ताप नव्याने चढला किंवा जागा लाल होऊन सुजली तर लगेच दाखवावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगावी.

यामुळे पाय लुळे पडतात का?

नाही. सुई कंबरेच्या हाडात जाते. मज्जारज्जू मणक्यात असतो आणि त्या जागेपासून लांब असतो. पाठीच्या कण्यातून पाणी काढतात ती तपासणी निराळी. दोन्हींची गल्लत होते आणि लोक नाहक घाबरून नकार देतात.

प्लेटलेट खूप कमी आहेत. तरी चालेल?

बहुतेक वेळा चालतं. हाडावरची जागा वरून दाबून धरता येते, म्हणून निव्वळ प्लेटलेट कमी असल्यामुळे मज्जेची तपासणी टाळत नाहीत. फक्त दाब जास्त वेळ द्यायचा आणि नंतर लक्ष ठेवायचं. रक्त गोठण्याचा मूळचाच दोष असेल तर मात्र तो आधी सावरून घेतात.

लहान मुलांत कुठून घेतात?

सहसा कंबरेच्या हाडातूनच. अगदी तान्ह्या बाळात नडगीच्या हाडाचा वरचा भाग वापरतात. छातीच्या हाडातून मुलांमध्ये घेत नाहीत, कारण ते पातळ असतं आणि त्याच्यामागेच हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात. मुलाला झोपेचं औषध देऊन केलं तर सगळ्यांसाठीच बरं.

‘ड्राय टॅप’ लिहून आलंय. म्हणजे काय?

सिरिंज ओढूनही मज्जा आली नाही. कधी सुईची जागा चुकलेली असते, कधी मज्जा पेशींनी ठासून भरलेली किंवा तंतुमय झालेली असते. अशा वेळी बायोप्सीचा तुकडा घेऊन तो फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी काचेवर हलकेच टेकवून ठसे घ्यायचे. या ठशांवर परजीवी चांगला ओळखता येतो. तुकड्याच्या कापात, नेहमीच्या रंगावर, तो आकसून इतका बारीक दिसतो की त्याची ओळख पटवणं कठीण जातं. ठसे घ्यायला एक मिनिटही लागत नाही, पण ते राहिले तर पुन्हा घेता येत नाहीत.

स्लाइडवर नेमकं काय शोधतात?

परजीवीचं माणसातलं रूप म्हणजे अमॅस्टिगोट. गोल किंवा लंबगोल, 2 ते 4 मायक्रॉनचं, म्हणजे लाल पेशीच्या साधारण निम्मं किंवा त्याहूनही लहान. लिशमन किंवा गिम्सा रंगात त्याचा पेशीद्रव फिकट निळा दिसतो आणि आत जांभळट-लाल रंगाच्या दोन गोष्टी दिसतात: एक मोठं गोलसर केंद्रक, आणि त्याच्या शेजारी आडवी-तिरपी एक बारीक, गडद काडी. ही काडी म्हणजे कायनेटोप्लास्ट. सगळी ओळख तिच्यावर आहे. केंद्रक दिसलं आणि काडी दिसली नाही, तर तो लिशमॅनिया आहे असं लिहू नये.

आता शोधायचं कसं. सुरुवात काचेपासून होते. पहिल्या ओढीतली अर्धा मिलिलिटरच्या आतली मज्जाच स्लाइडसाठी घ्यायची, कारण जास्त ओढलं की त्यात रक्त मिसळतं आणि नमुना पातळ होतो. काच तिरपी धरली की रक्त ओघळून जातं आणि राखाडीसर, चमकदार कण मागे राहतात. ते कण उचलून त्यांचा स्मीअर, म्हणजे काचेवर पातळ थर, ओढायचा. फॉर्मॅलिनची बाटली त्याच टेबलावर उघडी ठेवायची नाही. तिच्या वाफेने काचेवरच्या पेशी खराब होतात आणि रंग निळसर-हिरवट, गढूळ येतो, मग कायनेटोप्लास्ट दिसणं दूरच. गिम्सासाठी बफरचा पीएच 7.2 च्या आसपास ठेवला तर परजीवी जास्त स्पष्ट उमटतो.

मायक्रोस्कोपखाली आधी 10 च्या लेन्सने कण कुठे आहेत ते हेरायचं. मॅक्रोफेज कणांच्या आत आणि कडेला जास्त असतात, म्हणून शोध तिथून सुरू करायचा. मग तेल टाकून 100 ची लेन्स. फाइन फोकस सतत थोडं पुढे-मागे करत राहावं लागतं, कारण केंद्रक आणि काडी नेहमी एकाच पातळीत नसतात: एक स्पष्ट होतं तेव्हा दुसरं पुसट असतं. काही परजीवी मॅक्रोफेजच्या आत दाटीने बसलेले सापडतात. पण स्मीअर ओढताना बऱ्याच मॅक्रोफेज फुटतात, त्यामुळे सुटे विखुरलेले अमॅस्टिगोटही भरपूर असतात, आणि नवशिक्यांच्या नजरेतून नेमके तेच निसटतात. स्मीअरच्या शेपटाकडचा भाग आणि कडा पाहिल्याशिवाय स्लाइड खाली ठेवायची नाही.

याच रूपाचे परजीवी ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम लिशमन यांना 1900 साली कलकत्त्याजवळच्या डमडमहून आजारी होऊन परतलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत दिसले होते. त्यांनी ते 1903 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हान यांनाही ते सापडले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावं जोडून परजीवीचं नाव ठेवलं. त्यानंतर इतक्या चाचण्या आल्या तरी मायक्रोस्कोपखालची ओळख अजून त्याच दोन खुणांवर होते.

परजीवीसारखं दिसणारं दुसरं काही असतं का?

असतं, आणि इथे चूक महागात पडते. सगळ्यात जवळचा सोंगाड्या हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी. तिचाही आकार 2 ते 4 मायक्रॉन, तीही मॅक्रोफेजच्या आत दाटीने बसते, आणि रुग्णाला ताप, मोठी प्लीहा, कमी पेशी हे सगळं तसंच. फरक असा की हिस्टोप्लाझ्माभोवती पारदर्शक कडं दिसतं, आत कायनेटोप्लास्ट नसतो, आणि पीएएस किंवा सिल्व्हर रंगात बुरशीची भिंत ठळक उमटते. लिशमॅनिया या रंगांत तसा उठत नाही. टॅलॅरोमायसीस ही आणखी एक बुरशी, तिच्या पेशीत मधोमध आडवा पडदा दिसतो. टॉक्सोप्लाझ्मा हा दुसरा परजीवी चंद्रकोरीसारखा वाकलेला असतो आणि त्यातही काडी नसते.

याशिवाय पेशीवर येऊन बसलेल्या प्लेटलेट, रंगाचे साके, फुटलेल्या केंद्रकांचे कण, यांनी फसगत होते. शंका असेल तेव्हा दुसऱ्या फील्डमध्ये (लेन्समधून एका वेळी दिसणारा स्लाइडचा भाग म्हणजे एक फील्ड), दुसऱ्या स्लाइडवर तसाच निर्विवाद अमॅस्टिगोट शोधायचा. एकाच संशयास्पद ठिपक्यावर निदान लिहायचं नाही.

रिपोर्टमध्ये ‘3+’ लिहिलंय. ते काय?

परजीवींची दाटी. 1000 पट मोठं करून पाहताना एका फील्डमध्ये किती दिसतात यावरून ही श्रेणी ठरते. 1000 फील्डमध्ये 1 ते 10 परजीवी म्हणजे 1+. 100 फील्डमध्ये 1 ते 10 म्हणजे 2+. 10 फील्डमध्ये तितकेच म्हणजे 3+. प्रत्येक फील्डमध्ये 1 ते 10 असतील तर 4+, 10 ते 100 असतील तर 5+, आणि 100 च्या वर म्हणजे 6+. मुळात ही मोजणी प्लीहेच्या नमुन्यासाठी बसवलेली, पण मज्जेलाही वापरतात.

रुग्णाच्या दृष्टीने 1+ आणि 5+ दोन्ही म्हणजे काळा आजार, आणि उपचार दोघांनाही लागतात. आकडा कमी म्हणून ‘सौम्य आहे, थांबू’ असं नसतं.

मॅरो निगेटिव्ह आली. म्हणजे काळा आजार नाही, असं समजायचं का?

नाही. या पानावरचं एवढं एकच उत्तर लक्षात राहिलं तरी पुरे.

वरची टक्केवारी पुन्हा पाहा. मज्जेत परजीवी सापडण्याचं प्रमाण 53 ते 86 टक्के. म्हणजे काळा आजार असलेल्या दहा जणांपैकी एक-दोघांच्या, कधी चार-पाच जणांच्या मज्जेत तो दिसत नाही. हा पल्ला इतका मोठा का? थोडा भाग आजाराचा: सुरुवातीच्या दिवसांत मज्जेत परजीवी विरळ असतात. थोडा नमुन्याचा: रक्तमिश्रित, कण नसलेली मज्जा. पण मोठा भाग पाहणाऱ्याचा आणि त्याच्याकडे असलेल्या वेळेचा आहे. 1+ च्या व्याख्येतच हजार फील्ड आहेत. तेलाच्या लेन्सखाली हजार फील्ड मन लावून पाहायला तासभर सहज जातो. दिवसभराच्या स्लाइडच्या चळतीत, ‘ताप, तिन्ही पेशी कमी, ल्युकेमिया?’ एवढीच चिठ्ठी घेऊन आलेल्या मज्जेला तो तास कुणी देईलच असं नाही. ब्लास्ट पेशी (ल्युकेमियात वाढणाऱ्या अपरिपक्व पेशी) नाहीत, लिम्फोमा नाही, एवढं पाहून रिपोर्ट निघतो, आणि परजीवी तिथेच काचेवर राहून जातो.

म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट हाती आला की डॉक्टरांनी आधी पॅथॉलॉजिस्टला फोन करावा. काळ्या आजाराची शंका आहे, रुग्ण अमुक भागातून आलाय, त्याच स्लाइड त्या नजरेने पुन्हा पाहाल का, एवढं विचारावं. रुग्णाला नवी सुई न टोचता निदान पुढे सरकवण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. तरी नाही सापडला आणि लक्षणं तशीच बोलत असतील तर पट्टीची चाचणी, पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी), पुन्हा मज्जा, किंवा योग्य केंद्रात प्लीहेचा नमुना, या क्रमाने विचार करावा. आम्हा पॅथॉलॉजिस्टच्या बाजूनेही ‘परजीवी नाहीत’ असं न लिहिता ‘इतके फील्ड पाहिले, त्यात परजीवी दिसले नाहीत’ असं लिहायला हवं. वाचणाऱ्याला त्यातून शोध किती खोल होता ते कळतं.

आजार मागे हटतो आहे ही आनंदाचीच गोष्ट. काळा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवणारा पहिला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये बांगलादेशाला मान्यता दिली, भारतातही रुग्ण पूर्वीच्या मानाने फार कमी झाले आहेत. पण रुग्ण कमी झाले की नजरेचा सरावही कमी होतो. उरलेले थोडे रुग्ण चुकण्याचा धोका त्यामुळे वाढतो.

परजीवी दिसला नाही, पण मज्जेत काही सुगावा मिळतो का?

मिळतो. मज्जा पेशींनी भरलेली असते, रिकामी नाही. प्लाझ्मा पेशी वाढलेल्या असतात, मॅक्रोफेज वाढलेले असतात, लाल पेशींच्या पूर्वपेशी काहीशा बेढब दिसतात. रक्तातल्या प्रथिनांपैकी ग्लोब्युलिन वाढलेलं आणि अल्ब्युमिन घटलेलं असेल तर शंका बळावते. हे कुठलंही चिन्ह एकट्याने निदान करत नाही. पण तापाच्या रुग्णात प्लाझ्मा पेशी आणि मॅक्रोफेज दोन्ही वाढलेले दिसले की तिथे थांबून परजीवी शोधावा, एवढी सूचना त्यातून नक्की मिळते.

‘हिमोफॅगोसायटोसिस’ लिहिलंय. तो वेगळा आजार आहे का?

मॅक्रोफेज बेभान होऊन शरीराच्याच रक्तपेशी गिळायला लागतात, त्या स्थितीचं हे मज्जेतलं रूप. ताप, फेरिटिन खूप वाढलेलं, पेशी झपाट्याने घटणाऱ्या, असा एचएलएच नावाचा गंभीर प्रकार त्यातून होतो. तो जनुकीय दोषानेही होतो आणि संसर्गानेही, आणि काळा आजार हे त्यामागचं एक नेहमी निसटणारं कारण आहे, विशेषतः लहान मुलांत.

इथे फरक करणं जिवावरचं काम आहे. जनुकीय एचएलएचला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि केमोथेरपी लागते. कारण काळा आजार असेल तर परजीवी मारणारं औषध दिल्यावर एचएलएचही बहुधा ओसरतो. म्हणून पेशी गिळणारे मॅक्रोफेज दिसले की त्यांच्या पोटात लाल पेशींसोबत आणखी काही आहे का, हे एकेका मॅक्रोफेजमध्ये बघावं.

कल्चर आणि पीसीआर कशासाठी?

कल्चरमध्ये मज्जा एनएनएन किंवा श्नायडर माध्यमात घालून साधारण 22 ते 26 अंश तापमानाला ठेवतात. परजीवी असेल तर तो शेपटी फुटलेलं, पोहणारं रूप घेतो. पण चार आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते, त्यामुळे रोजच्या निदानापेक्षा जात ओळखायला आणि औषधाला दाद देतो का हे तपासायला त्याचा उपयोग जास्त.

पीसीआर जास्त संवेदनशील आहे. परजीवी विरळ असतील, रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तेव्हा तो फार कामाला येतो, आणि कधीकधी मज्जेऐवजी रक्तावरही भागतं. उलट बाजू अशी की आजाराच्या पट्ट्यात लक्षणं नसलेल्या माणसांतही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. या दोन्ही तपासण्यांसाठी नमुना मज्जा काढतानाच निर्जंतुक बाटलीत वेगळा काढून ठेवावा लागतो. काम उरकल्यावर आठवलं तर पुन्हा सुई टोचावी लागते.

एचआयव्ही असेल तर वेगळं काय?

बरंच. प्लीहा वाढलेली नसू शकते, पट्टी निगेटिव्ह येऊ शकते, आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. पण मज्जेत परजीवी अनेकदा खच्चून भरलेले असतात, रक्ताच्या बफी कोटमध्येही (रक्त फिरवून वेगळा केलेला पांढऱ्या पेशींचा थर) सापडतात. म्हणून या रुग्णांत मज्जेचं महत्त्व वाढतं. आणि उलट दिशेनेही: काळा आजार सापडला की एचआयव्हीची तपासणी करावीच.

आधी ल्युपस किंवा प्रतिकारशक्तीचा आजार सांगितला होता, स्टेरॉइडही दिले. असं कसं होतं?

काळ्या आजारात शरीर अँटिबॉडींचा नुसता पूर आणतं. त्यात एएनए, कूम्ब्ससारख्या चाचण्याही पॉझिटिव्ह येऊ शकतात. त्यावरून ल्युपस किंवा ऑटोइम्यून हेपॅटायटिस असं निदान होतं आणि स्टेरॉइड सुरू होतात. ताप दोन दिवस उतरतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि परजीवीला मोकळं रान मिळतं. लांबलेला ताप आणि मोठी प्लीहा असलेल्या रुग्णाला स्टेरॉइड द्यायच्या आधी काळ्या आजाराचा विचार झाला का, हे विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे.

उपचार झाल्यावर पुन्हा मॅरो करावी लागते का?

सहसा नाही. भारतात लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी हे मुख्य औषध, 10 मिलिग्रॅम प्रति किलो, एकाच डोसात शिरेतून. ताप उतरतो, भूक येते, प्लीहा हळूहळू आत जाते, रक्ताचे आकडे सावरतात. सहा महिने काही उलटलं नाही की बरा झाला असं मानतात. मज्जा पुन्हा लागते ती या क्रमात खंड पडला तर: ताप राहिला, उतरून परत आला, किंवा वजन पुन्हा घटू लागलं. बरं झाल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्वचेवर फिकट डाग किंवा गाठी उठल्या तर तो काळ्या आजारानंतरचा त्वचेचा प्रकार असू शकतो, पण त्याचा नमुना त्वचेतून घेतात.

मॅरोला जाताना सोबत काय न्यावं, काय सांगावं?

गेल्या काही वर्षांत कुठे राहिलात, कामासाठी कुठे गेलात, हे न विचारताही सांगा. चावा आणि ताप यांत सहसा दोन ते सहा महिने जातात, पण कधी वर्षंही जातात, म्हणून जुना मुक्काम क्षुल्लक समजू नका. घरात किंवा शेजारी कुणाला काळा आजार झाला होता का, तुम्हाला स्वतःला पूर्वी झाला होता का, हेही सांगा. चालू औषधांची यादी आणि आधीचे सगळे रक्ताचे रिपोर्ट न्या.

आणि पूर्वी कुठे मज्जा काढली असेल तर नुसता रिपोर्ट नको, स्लाइडही मागून घ्या. रंगवलेली स्लाइड वर्षानुवर्षं टिकते, ती दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला पुन्हा पाहता येते. न रंगवलेली जास्तीची स्लाइड लॅबमध्ये असेल तर तीही मागा, तिच्यावर गिम्सा करता येतो आणि खरवडून पीसीआरलाही पाठवता येतं.